हिरवा दिवा

वणीच्या बसस्टँडवर कौसल्याबाई राजूरच्या गाडीची वाट पाहत होत्या. शेजारी कापसाच्या जिनिंगमधले म्हातारे डोमाजी आणि तिथं मशीन बसवणारी इंजिनिअर पोरगी बोलत होते, ते त्यांच्या कानावर पडत होतं.

“काका, गंजी तपासायला आता माणूस नको, या कागदावर सही करा ना. कापसाच्या गंजीतली आग आता एआयचा कॅमेराच ओळखतो, धोका नसला की हिरवा दिवा लावतो. यंदा कापूस कमी, मालकांना माणसं परवडत नाहीत.”

“मागच्या माघातही दिवा हिरवाच होता, बाई.”

“तो कॅमेरा जुना होता.”

“मीबी जुनाच. चाळीस वर्षं रोज सांजच्याला गंजीत कोपरापर्यंत हात घालून ऊब पाह्यली. त्या दिवशी दिवा पाहून घरी गेलतो. माही सून, रुपाली, तिथंच कामाले होती, ते गंजीवर चढली. आतून धुमसत होतं. वाचली नाही.”

“काका...”

“मशीनले आतलं कळत नसन तं तसं सांगावं. हिरवा कायले दाखवते?”

“मग काय दाखवू?”

“पिवळा. मले कळत नाही, माणूस बोलवा म्हणून.”

“मग रोजच पिवळा लागेल.”

“लागू दे. मी रोजच हात घालत होतो.”

राजूरची गाडी लागली. पोरीनं सही न झालेला कागद पिशवीत ठेवला.

“उद्या मला शिकवाल, हात घालायला?”

“बांगड्या काढून येजो.”