मग मी कधी जाऊ?

नाही नाही, बूट असू द्या पायात, फरशी नुसती बर्फ झालीये. मला आहेत या सपाता — आतून लोकर, खाली रबर, घसरायचं नाव नको. नाताळची भेट. हीटर हा इथे, बाबांच्या पलंगापलीकडे, खिडकीपाशी. जरा हळू बोलू, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. दोन रजया घातल्यात, वर माझी शाल. तुम्हाला धाकट्याने पाठवलं ना? माझा भाऊ. सकाळी फोन केला त्याला, म्हटलं हीटर बंद पडलाय, या थंडीत बाबांना इथे ठेवायचं कसं — तर म्हणतो, ताई, काळजी करू नकोस, मी माणूस पाठवतो. आणि तुम्ही दुपारच्या आत हजर. एरवी नळाचा माणूस बोलवा, महिना महिना तोंड दाखवत नाही. तुम्ही आपले वर्षअखेरीच्या सुट्टीत धावत आलात. चांगलं आहे. म्हणजे, तुमच्या बाजूने चांगलंच आहे.

तुम्ही करा हो काम, माझं तोंड असंच चालू असतं. दिवसभर बोलायला आहे कोण? बाबा आहेत, पण त्यांच्याशी म्हणजे औषध घेतलं का, कूस बदलायची का — त्याला काय बोलणं म्हणायचं? परवापर्यंत घर भरलेलं होतं. आम्ही काही मोठे नाताळवाले नव्हे, पण सगळ्यांना सुट्ट्या तेव्हाच मिळतात आणि मुलांना झाड लागतं. प्लॅस्टिकचं. माळ्यावरून काढायचं मी, सजवायचं त्यांनी, फोटो त्यांचे, आणि परत माळ्यावर चढवायचं मी. मग भेटी. प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी लावलेल्या. मला दर वर्षी काय मिळतं सांगू? शाल. पायमोजे. गरम पाण्याची पिशवी. घरात बसणाऱ्या बाईला लागेल ते सगळं मिळतं, कशाला नावं ठेवू.

यंदा माझ्या नावाचं खोकं हे एवढं मोठं. उघडलं तर आत बॅग. प्रवासाची, चाकांची, निळी. आता तुम्हीच सांगा, चाकांची बॅग बघून माणसाला काय वाटेल? मला वाटलं, ठरवलं यांनी. बोलले असतील आपापसात — बाबांच्या अंगावरून वारं गेल्यापासून ताई या गल्लीबाहेर पडली नाही, तर चार दिवस आपण नेऊ त्यांना, तिला जाऊ दे कुठेतरी. माझी एक मैत्रीण आहे, समुद्राकाठी राहते, दर वर्षी म्हणते नवं वर्ष माझ्याकडे कर. मी दर वर्षी म्हणते, बघू. तर मी ती बॅग मांडीवर घेतली, अशी, लेकरासारखी, आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मग मी कधी जाऊ?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. शेवटी भावजय चाचरत म्हणाली, ताई, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली वाटतं. बॅग भाचीची होती, ती शिकायला परगावी चाललीये. माझ्या या सपाता. पोरगी गुणाची हो, म्हणाली आत्या, राहू दे तुला. मी म्हटलं, छे गं, मी बॅग घेऊन काय करू, आणि हसले. मी हसले म्हटल्यावर सगळे हसले, जीव भांड्यात पडला त्यांचा. मग केक कापला. धाकट्याने नंतर स्वयंपाकघरात येऊन विचारलंसुद्धा — ताई, तुला जायचंय का कुठे? मी म्हटलं, नाही रे. का म्हटलं कोण जाणे. इतकी वर्षं नाही म्हणायची सवय, तोंडातून तेच निघालं. त्यानेही परत विचारलं नाही.

काय, सापडलं? वायर सुटलीये? अस्सं. नाही, आपोआप कशी सुटेल, बरोबर आहे तुमचं — अहो, असं बघू नका माझ्याकडे. मीच काढली. प्लग काढून ठेवला आणि सुरीच्या टोकाने स्क्रू सैल केला. मला वाटलं, हीटर बंद म्हटल्यावर तो गाडी घेऊन येईल, बाबांना चार दिवस घेऊन जाईल, त्याचं घर कसं छान उबदार असतं. तोंडाने मागायचा धीर नाही, म्हणून हे उद्योग. आणि मैत्रिणीला कळवूनही बसले, येते म्हणून. पहिल्यांदाच "बघू" म्हटलं नाही. दादा, एक कराल? तो फोन करेलच तुम्हाला. पार्ट मिळत नाही म्हणा. नव्या वर्षात मिळेल म्हणा. नव्या वर्षावर सगळेच सगळं ढकलतात — वजन कमी करायचं, सिगरेट सोडायची, बाबांचं काय ते ठरवायचं — त्यात तुमचा एक पार्ट. तुमचं काय जातंय?

काय, बाबा? जागे आहात? कधीपासून? ...काय म्हणालात?

ऐकलंत ना तुम्ही? म्हणतात, राहू दे बंद, मला चालते थंडी. त्याला सांगतो म्हणतात, मी इथे कुडकुडतोय, येऊन घेऊन जा — तू जा बाई समुद्रावर. भिंतीकडे तोंड करून म्हणतात. हे असं नको होतं बोलायला त्यांनी. रागावले असते ना, तर गेले असते हो मी. आदळआपट केली असती, तर या सपातांनिशी गेले असते. आता कशी जाऊ?

लावा ती वायर. बघत काय बसलात, लावा ना. त्यांचे हात गार पडलेत.