टिटवी जेवत नाही

"हॅलो? … हं, ताई, बोल. … नाही गं, झोपले नव्हते. सोफ्यावर बसून समोरच्या गच्चीवरचे कपडे बघतेय. … ताप कधीच उतरला. पण छातीतलं इन्फेक्शन पूर्ण जाईपर्यंत घरात कोणाला घ्यायचं नाही म्हणतात डॉक्टर. … हो, हो… दुकानवाला दारात पिशवी ठेवून जातो, मिळतं सगळं. … जेवले. … अगं, जेवले म्हणते ना! … सूप. … कसलं म्हणजे? नदीचं मूळ विचारू नये म्हणतात, तसं सुपाचंही विचारू नये."

ती जेवली नव्हती. बिस्किटांच्या कारखान्यात चव तपासायची तिची नोकरी, आणि या आजारपणात तिचं नाक गेलं, नाकामागोमाग जीभही. पाव खावा तर पुठ्ठा, सूप प्यावं तर कोमट पाणी. सुरुवातीला ती घड्याळाकडे बघून गिळत राहिली. मग एखादं जेवण चुकायला लागलं. टोकायला घरात कोणी नव्हतं. आणि एका सकाळी पँट कमरेत सैल झाली, तेव्हा तिला चक्क बरं वाटलं. लहानपणी सगळे तिला 'गोणी' म्हणायचे.

"काय गं, आवाज का असा येतोय? … रडतेयस? … ताई, काय झालं? … टिटवीला? … जेवत नाही म्हणजे? … हं. … हं. … डबा मैत्रिणींना वाटून टाकते. … दप्तरात सापडले? वाळलेले पाव? … चक्कर कुठे आली, शाळेत? … खेळाच्या तासाला. … लागलं का फार? … डॉक्टरांकडे नेलंस ना? … चांगलं केलंस. … परत बोलावलंय, बरं. … माझं? माझं नाव कशाला घेतलं तिनं? … थांब. परत सांग. … 'मावशीसारखं व्हायचंय.'"

टिटवी म्हणजे ताईची मुलगी. बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून मावशीनंच ठेवलेलं नाव. मागे एकदा व्हिडिओवर मावशीनं उभं राहून तिला पँटची सैल कंबर दोन बोटांनी ओढून दाखवली होती. 'बघ, घरबसल्या बारीक झाले! फक्त खायचं विसरायचं.' पोरगी हसली नव्हती. तिनं नीट बघून घेतलं होतं.

"… ओरड, ओरड. … नाही, थट्टा नव्हती ती. खरंच वाटलं होतं तसं. … अगं, ऐक ना. ऐक तरी! मला चव लागत नाहीये. … कशाचीच नाही. वासही नाही. … आजारी पडल्यापासून. … सांगून तू काय करणार होतीस? आणि कारखान्यात कळलं तर? चव बघणारीलाच चव नाही म्हटल्यावर… … हो, सांगते डॉक्टरांना. … आजच. … आज म्हटलं ना. … टिटवी कुठाय? … ताट तसंच पुढ्यात? बरं, दे तिला फोन. … उपदेश नाही करत गं. मला तरी कोणाचा पचलाय? दे."

ती उठली, स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर धूळ होती. पातेल्यात पाणी घेऊन तिनं गॅस पेटवला.

"टिटवी? … हो, सांगितलं आईनं. … नाही, रागावले नाही. … मी? अंडं उकडायला ठेवतेय. … एकच. … बरं बाई, दोन. … कारण सकाळपासून मी काही खाल्लेलं नाही. कालही नाही फारसं. … नाही, चांगलं नसतं ते. मी चुकीचं सांगितलं तुला. … डाएट कसलं! मला चवच लागत नव्हती. … खरंच. … साखर? साखर म्हणजे वाळू. … मिरीनं फक्त शिंका येतात. … हस, हस.

"… झाले बारीक. पण परवा दारातली पिशवी उचलायला वाकले आणि तिथेच बसले. उठताच येईना. … कोणाला सांगणार? … तुलाही तसंच झालं? … डोळ्यांपुढे काळं. … भीती वाटली? … मलाही वाटली.

"… कोण म्हणतं? … वर्गातली मुलं. … काय? … मोठ्यानं सांग. … 'बरणी'. … हं. … मला 'गोणी' म्हणायचे. … सगळेच. तुझी आईसुद्धा. … विचार की तिला. … नाही गं, विसरता येत नाही. अजून आठवतं. … पण त्यात त्या अंड्याचा काय दोष?

"… झालं वाटतं. सोलतेय. … आई गं, बोट भाजलं! … तुझ्या ताटात काय आहे? … भात. गार झाला असेल. असू दे. … किती खायचं ते तुझं तू ठरव. मी बघत नाहीये, मी माझं खातेय. … आला आवाज? अंड्याबरोबर कडक पाव. … कसा लागतो म्हणजे… वरून खरखरीत, आत मऊ. अंडं गरम. एवढंच कळतं. … चव नाही. … मग का खातेय? … अगं, भूक लागलीय म्हणून."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, खरंच भूक लागली होती. बहुधा बऱ्याच दिवसांपासून.

"… घेतलास घास? … बरं. … घशाशी अडकतो? माझाही अडकतोय. पाणी पी, घाई नाही. … हं. … हं. … नाही, कुठे गेले नाही. चावतेय. … पुरे झालं? मग पुरे. … उद्याही करू. मीच लावेन फोन, याच वेळेला. … चव आली की पहिलं तुलाच सांगेन. आणि नाही आली तरी फोन लावेन.

"… आईला देतेस? नको, जेवू दे तिला. … जेवली नसेलच अजून. विचार बरं. … बघ, म्हटलं ना! … मग तू वाढ तिला. … किती ते तिलाच विचार, तू नको ठरवूस. … हो. ठेवते आता. बसा दोघी."