जागच्या जागी

नाही. सोफा हलणार नाही. वीतभरसुद्धा नाही, खिडकीकडे नाही नि दाराकडेही नाही. तुझ्या त्या मोबाइलातल्या फोटोत ठेवलाय खोलीच्या मधोमध, तर ठेवू दे, फोटोतल्या घरात कोणी राहत नसतं. दे इकडे, बघू पुन्हा. असं बाजूला नको धरूस, समोर धर — हां. दवाखाना आहे नुसता! आणि म्हणे घराला ताजेपणा हवा. लग्न होऊन महिना नाही झाला आणि तुला घर शिळं वाटायला लागलं? बस. अशी माझ्या समोर बस, उभ्याने ऐकलेलं डोक्यात राहत नाही. एरवी दिवसभर तोंडातून शब्द नाही आणि आज सकाळी नवऱ्यादेखत बरं सुचलं, 'आई, हॉल थोडा बदलूया का?' गोगलगाय नि पोटात पाय! आणि तोही लगेच मान डोलवतोय, 'हो हो, बदला की दोघी मिळून.' त्याचं काय जातंय, तो बॅग उचलून गेला ऑफिसला.

तर ऐक. मी काही जुन्या वळणाची नाही, बदल मलाही कळतात. भिंतींना रंग दे. पण फोटोतल्यासारखी पांढरी भिंत नि तिला टेकून पांढरा सोफा, असलं भुताटकीचं काम नको — भिंत फिकी तर सोफा गडद, दाराची चौकट गडद, प्रत्येक वस्तूची कड कशी ठसठशीत दिसली पाहिजे. पडदे बदल. छतापासून सोडलेस तर खोली उंच वाटते, हे मला फोटोने शिकवायला नको, पण जमिनीवर लोळू देऊ नकोस, पायात येतात. उशांचे अभ्रे बदल, हवे तसले भडक घे. गालिचा नाही. खिडकीसमोर आरसा नाही — का म्हणजे? तिरीप येते डोळ्यांवर, आणि मग पुढचा अर्धा तास — आवडत नाही मला, एवढं पुरे. दिवे मात्र हवे तितके लाव, कोपऱ्याकोपऱ्यात लाव, मिणमिणते नकोत, लख्ख हवेत. आणि स्वयंपाकघराच्या पायरीवरची ती पिवळी पट्टी काढायची नाही. माहितेय मला, तू हसतेस तिला. परवा बहिणीला फोनवर सांगत होतीस, 'आमच्या पायरीला रेल्वेच्या फलाटासारखी पट्टी आहे.' कान शाबूत आहेत माझे.

आणि वस्तू? वस्तू जागच्या जागी. हे बघ, हा माझा कप. बघतेयस? मी तुझ्या तोंडाकडे बघतेय आणि हात चाललाय उजवीकडे — टक्! तिपाईवर. थेंब नाही सांडला. न बघता हात जिथे पोचतो ना, त्याला घर म्हणतात. तुझं चुकत नाही म्हणा, तुला ते कुठून माहीत असणार. तुमच्याकडे दोनच खोल्या, गाद्या घातल्या की झोपायची खोली आणि गुंडाळल्या की बसायची, सकाळ-संध्याकाळ सरकवासरकवी. तुझ्या आईने संसार कसला केला, हमाली केली. आता रागावू नकोस, खरं ते बोलले. नाक लाल होतं तुझं राग आला की, समोर बसलीस की सगळं दिसतं मला.

काय बघतेस? माझं बोट? फिरवणार. सोफ्याच्या पाठीवरून, शोकेसच्या कडेवरून, दाराच्या चौकटीवरून, चालता चालता घरभर फिरवणार, आणि धूळ लागली तर दाखवणार. परवा तुझ्या माहेरची माणसं बसली होती तेव्हा दाखवलं की — 'बघा हो तुमच्या लेकीची सफाई.' तुझ्या आईचं तोंड एवढंसं झालं. तुला फार लागलं ते, नाही का? लागू दे. तुला नुसतं दाखवलं, माझ्या खांद्याला पुसलं होतं. हो, बोट, धुळीचं, नव्या कोऱ्या कपड्यांवर, घर भरून पाहुणे बसलेले असताना. कोणी काय विचारतेस — सासूबाईंनी, त्या शोकेसच्या वर ज्यांचा फोटो आहे त्यांनी. मी तुझ्याच वयाची. रडले नाही. खांदा झटकलासुद्धा नाही, तसाच ठेवला पाहुणे जाईपर्यंत. आणि मग वाट बघितली.

थांब, चहा निवतोय, पिते तेवढा. — हं. साखर कमी घालतेस. साखरेवरून आठवलं, साखरेनेच डोळे गेले त्यांचे. आधी धूसर झालं, मग नुसता उजेड-अंधार, मग उजेडही गेला. पण बाई हटली नाही! घरभर फिरायची ती बोटाच्या जोरावर — सोफ्याची पाठ, मग शोकेस, मग चौकट. ज्या बोटाने माझी धूळ काढली त्याच बोटाने वाट काढायची. पाठ होतं त्यांना घर. आणि मग मलाही वाटलं, तुझ्यासारखंच वाटलं बघ, घराला जरा ताजेपणा आणावा. वस्तू सरकवायला पैसा लागत नाही, हे तुझ्या फोटोवाल्यांनीही लिहिलं असेल. हे कामावर गेले की खुर्ची हातभर पुढे. तिपाई दारात. आणि संध्याकाळी हे यायच्या आत पुन्हा सगळं जागच्या जागी.

एकच अडचण होती, आवाज. सासूबाईंचे कान तिखट, खुर्ची जरा सरकली की आतून हाक, 'कोण गं? काय हलवतेस?' मग मी सुताराकडून फेल्टच्या चकत्या आणल्या. जाड लोकरीच्या कापडासारख्या असतात, पायांच्या तळाला चिकटवायच्या, फरशीला चरे पडत नाहीत. यांना तेवढंच सांगितलं, फरशीला चरे पडत नाहीत, आणि हे खूश, 'किती जपतेस घराला!' ताकास तूर लागू दिली नाही. सोफा, खुर्च्या, ही तिपाई, सगळ्यांना लावल्या, आणि मांजराच्या पावलाने सरकायला लागलं सगळं. अजून आहेत, मी मधूनमधून नव्या बसवते. वाकून बघ हवं तर. बघ, बघ, लाजतेस काय.

नडग्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या त्यांच्या. एकदा कपाळाला खोक पडली. लेकाला सांगायच्या, 'अरे, ही मुद्दाम हलवते रे.' हे बघायचे तर खुर्ची आपली भिंतीशी. 'आई, खुर्ची तिथेच आहे गं,' म्हणायचे, आणि मग माझ्याकडे बघून हळूच कपाळाशी बोट न्यायचे. म्हणजे भ्रम. मी मान खाली घालायची. चांगली सून कशी मान खाली घालते, तशी. पुढे पुढे त्यांनाच वाटायला लागलं की आपल्याला भ्रम झालाय — भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या, पाऊल उचलायचं नि मागे घ्यायचं, उचलायचं नि मागे घ्यायचं — आणि एक दिवस आपणहून म्हणाल्या, मला मागच्या खोलीत राहू दे. आता इस्त्रीचं टेबल आहे ना, ती. एक पलंग नि चार भिंती. मी दाराशी ताट ठेवायची. गेल्या तिथेच. मी ढकललं नाही हो कोणाला, बोटसुद्धा लावलं नाही. मी घर ताजं ठेवलं. म्हणतातच ना, चार दिवस सासूचे, चार दिवस — 

तसं नाही. ते त्यांचं नि माझं होतं. तू लगेच दिवस मोजायला बसू नकोस. आणि इकडे कशाला आलीस? समोर होतीस ती बरी होतीस. बाजूला बसलीस की मला — मान वळवावी लागते, दुखते मान. अगं, बोल काहीतरी, कुठे आहेस? मुकी आहेस का? — हां. गेलीस ना परत समोर? दिसलीस. काय ही चुळबूळ, लहान पोरासारखी. हे सगळं मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. तुला सांगितलं ते तुला कळावं म्हणून, की तू कोणाच्या घरात आली आहेस.

डोळ्यांना? माझ्या डोळ्यांना काय झालंय? धडधाकट आहेत. तुझं नाक दिसतं, कपाळावरची आठी दिसते, आणखी काय दिसायला हवं? डॉक्टरच म्हणाला, समोरचं राहतं शेवटपर्यंत, आधी बाजूचं जातं, नळीतून बघावं तसं होतं — मोतीबिंदू असता तर काढता आला असता, हा काचबिंदू, गेलेलं काही परत — कोणाला म्हणजे? शेजारणीला. शेजारणीबद्दल बोलतेय मी. — बरं. ऐकलंस तर ऐकलंस, आता लपवून काय उपयोग. मी बोट फिरवते ते धुळीसाठी नाही, हे कळलंच असेल तुला. तुला फैलावर घेतलं की लोक बोटाची धूळ बघतात, माझी पावलं बघत नाहीत. त्यांनीही माझ्या खांद्याला बोट पुसलं तेव्हा — छे! तेव्हा दिसत होतं त्यांना. लख्ख दिसत होतं. धूळ होती बोटाला. असणारच. मी काही तेव्हा निरखून पाहिलं नाही.

ते जाऊ दे. तुझ्या नवऱ्याला हे कळायचं नाही, समजलं? बापावर गेलाय तो, प्रेमळ! 'आई, तू आता दगदग करू नकोस, मागच्या खोलीत आराम कर,' म्हणेल, मऊ गादी घालून देईल, रेडिओ ठेवेल. आणि मला ती खोली माहितेय. पलंगावरून भिंत हाताला लागते, एवढीच आहे ती. मी मरेन पण त्या खोलीत जाणार नाही. या हॉलमध्ये सगळं जागच्या जागी असलं की मी मालकीण आहे, कोणाला शंका येत नाही. एवढंच मागतेय. मागत नाहीये, सांगतेय. रंग, पडदे, दिवे तुझे, वस्तू माझ्या. आणि तोंड बंद, नाहीतर तुझ्या आईबापाला पुन्हा बोलावीन नि या वेळी बोट नुसतं दाखवणार नाही. ठरलं? मान हलवलीस ना? हलवलीस. शहाणी आहेस. जा आता, रंगवाल्याला फोन कर, आणि जाताना हा कप घेऊन जा, ठेवते तिपाईवर —

तिपाई कुठेय?

फुटला. फुटला ना? इथेच होती गं, सोफ्याच्या हाताला लागून, आत्ता मघाशी ठेवला होता कप — तू इकडे येऊन बसली होतीस तेव्हा? पण मला ऐकू नाही — चकत्या. हसतेस? नाही, हसत नाहीस, नुसती बघतेस. बघतेस काय, ऊठ, तुकडे गोळा कर, मी अनवाणी आहे. ऊठ म्हणते ना! — हां, अशी. झाडू दाराच्या मागे — कुठे गेलीस? समोर नाहीस. अगं, तुकडे कुठवर उडालेत ते तरी सांग. मी सोफ्याला धरून कडेकडेने — ही खुर्ची इथे कशी? ही भिंतीशी असते. सूनबाई, ही खुर्ची इथे नसते. हे बघ, झालं गेलं विसर, सोफासुद्धा हलवू आपण, मधोमध ठेवू, फोटोत आहे तसा, फक्त हलवताना मला सांग. सूनबाई? पाऊल कुठे टाकू मी? सूनबाई, आहेस ना तू खोलीत? आणखी काय काय हलवलंस?