साहेबांसाठी ठेवलेलं टेंगूळ

— नाही नाही, बाई, तिथे टेकू नका! माती अजून गरम आहे, कोट कायमचा जाईल. इकडे या, या स्टुलावर बसा. टेप चालू झाली? बरं. तर नाव टिपून घ्या — लेऑन झारेम्बा, मातीकाम, चौतीस वर्षं, येत्या शुक्रवारी निवृत्त. गाडी पत्र्याची व्हायच्या आधी मातीची होते, पूर्ण मापाची, ती घडवणारा मी — पण हे तुम्हाला ठाऊकच असणार, तुम्ही कंपनीच्याच प्रसिद्धी खात्यातल्या. आणि तुम्हाला हवीय ती हकीकत, की नव्या अध्यक्षांना आपल्या हॅलस्टेड गाड्यांचा तो मागचा फुगवटा कसा सुचला. सांगतो ना. व्हूरहिस साहेबांनी गाडी पाहिली आणि — थांबा, आधी ही रेघ बघा. पुढच्या दिव्यापासून निघून मागच्या दिव्यापर्यंत एका दमात जायची ही. आता दारापर्यंतच उरलीय. हात फिरवा. फिरवा हो, चावत नाही.

ही रेघ मी चार अध्यक्षांना दाखवली. पहिले ब्रँट साहेब, सव्वासहा फूट, वर हॅट — आत बसले, हॅट छताला लागली, की छप्पर दोन इंच वर! रेघ गेली. दुसऱ्यांना काटकसरीची हौस — आपल्या स्वस्त गाडीचीच दारं हॅलस्टेडला लावा, नुसतं तोंड बदला, गिऱ्हाइकाला काय कळतंय! गिऱ्हाइकाला कळलं. तिसऱ्यांच्या बायकोला गाडीचा चेहरा रडका वाटला — म्हणजे झालंच की! दर वेळी खरवडायचं, ही मेण घातलेली माती भट्टीत टाकायची, मऊ करायची आणि तीच पुढच्या साहेबांसाठी लिंपायची. आणि घरी आयरीन, माझी बायको — दर रविवारी चर्चहून येताना वुडवर्ड रस्त्यावर गाड्यांची ही रांग, आणि ही विचारते, लेऑन, यातली एक तरी दाखव ना, जी तुझी आहे. काय दाखवू? बिजागरी?

म्हणून या खेपेला — हे टेपवर नको हं, बंद करा जरा — या खेपेला मी जुनी युक्ती केली. इथे सगळेच करतात. साहेब गाडीभोवती फिरला की काहीतरी बदलल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मग आपणच एक ढळढळीत चूक ठेवायची. तो तिच्यावर बोट ठेवतो, आपण म्हणायचं, वा साहेब, काय नजर आहे! — आणि पाच मिनिटांत खरवडून मोकळं. बाकीची गाडी वाचते. तर जेवणाच्या सुट्टीत, एका हातात जॅम भरलेली पोंचकी, आमचा पोलिश गोड वडा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मागच्या दिव्यावर हे टेंगूळ चिकटवलं. दहा मिनिटं लागली. साखरही लागली असेल त्याला.

आले व्हूरहिस साहेब. साबणाच्या कंपनीतून आलेत, गाड्या नवीन त्यांना, पण माणूस वाईट नाही — माझा हात हातात घेऊन नाव विचारलं. फिरले. रेघेजवळून गेले, बोललेच नाहीत! मी मनात म्हटलं, वाचली, आयरीनला दाखवायची गाडी वाचली. मग टेंगळापाशी थांबले. बोट ठेवलं. म्हणाले, "हे. हेच हॅलस्टेड आहे. बाकी सगळं याला शोभेल असं करा."

मी काय केलं? काय करणार — "वा साहेब, काय नजर आहे!" म्हणालो. तोंडात तेच तयार होतं ना! मग टेंगूळ वाढलं, दारापर्यंत आलं, रेघ गिळली. आता म्हणे लहानमोठ्या सगळ्या हॅलस्टेडना हेच. या मॉडेलचं ओरिओल हे नावसुद्धा गेलं, नुसता आकडा राहिला. सांगायला हवं होतं — हो, कळतं मला. पण कोण सांगणार? तुम्ही सांगाल?

पुढच्या वर्षी लाखभर निघतील, बाई. वुडवर्डवर समोरून येत राहतील. आयरीन विचारेल, यात तुझं काय? आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा — देवा रे — पहिल्यांदा माझ्याकडे उत्तर असेल.

तो लाल दिवा कसला? चालूच आहे? सगळं आलं त्यात? पुसा. पुसा म्हणतो ना. आणि लिहा, अध्यक्षांनी एका नजरेत ओळखलं. खोटं नाही ते. उठा आता, स्टूल लागेल मला. चार वाजता येतायत ते, टेंगूळ आणखी बोटभर वाढवायचंय.