एक्केचाळीस नंबरचा डबा

मी दापोलीकडची, खाडीच्या काठाला आमचं गाव. माजं नाव हमीदा लिवा खुशाल, पण गावाचं नाव लिवू नका, निम्म्या गावाची माणसं इथे कुवेतात हायत आणि उद्या एकेक जण फोन करून विचारील की हमीदा, तू आमची अब्रू का काढलीस. अब्रू म्हणे! बाप मासेमारीच्या मचव्यावर होता, आई कोलीम, ती बारीक सुंगटं, सुकवायची, आमी पाच भावंडं, मी थोरली आणि सत्तार शेंडेफळ, त्याला मीच कडेवर वाढवला, आई उन्हात आणि तो माज्या कमरेवर. लग्न होऊन इथे आले त्याला सव्वीस वर्षं झाली, नवरा कंपनीची गाडी चालवतो, तेव्हापास्नं अबू हलीफातला हाच फ्लॅट, हाच जिना. तुमी तिकडनं, बंगलेवाल्यांच्या सलवातून आलात ना, मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी? मग आधीच सांगते, गोड करून लिवायचं असेल तर चहा प्या आणि निघा, मला वेळ नाय.

तर डबे. गावाकडची माणसं इथे एकटी येतात, एका खोलीत आठ-आठ जण, स्वयंपाकाला ना जागा ना जीव, मग मी डबे सुरू केले, दोनाचे दहा, दहाचे चाळीस. भात, कालवण, तांदळाची भाकरी, शुक्रवारी मच्छी. आमच्यात नावं तीच तीच, चार इब्राहिम, सहा मोहम्मद, कोणाचा डबा कुठला ते कळंना म्हणून मी प्रत्येक डब्याच्या बुडाला नखाला लावायच्या लाल रंगाने नंबर घातला. बावीस नंबरला मिरची चालत नाय, तेरा नंबरला पोटाचा त्रास, मला माणसं नंबराने पाठ. शुक्रवारी नमाज झाला की सगळी इथेच जेवायला यायची, ह्या हॉलात, दस्तरखान अंथरून.

सत्तारला मीच बोलावून घेतला. हे पण लिवा, मीच. पलीकडच्या गल्लीत खोली, आमच्याच गावचे सात जण आणि तो आठवा. दीड वर्ष बरं गेलं, मग खोकला लागला. सगळे म्हणाले धूळ हाय, एसीचं हाय, रेती उडाली की सगळ्यांनाच होतं. मग अंगातला सदरा ढगळ झाला, मग संध्याकाळचा ताप यायला लागला. मला का कळत नव्हतं? आमच्या गावात ह्या दुखण्याने, टीबीने, माणसं गेलेली मी बघितलीयत, मला पहिल्या महिन्यातच कळलं. तर कासमचाचाने मला बोलावलं. कासमचाचा म्हणजे आमच्या जमातीतला इथला मोठा माणूस, व्हिसा त्याच्या ओळखीने, भांडण त्याच्यापुढे, मयत झाली तरी तोच पुढे. चाचा म्हणाला, हमीदा, टेस्टचं नाव काढू नकोस, टेस्ट झाली की मंदूबला कळणार, म्हणजे कंपनीचा कागदपत्रं बघणारा माणूस असतो ना, त्याला, मग सत्तार तर जाईलच पण खोलीतल्या सगळ्यांना तपासायला नेतील आणि एकेकाला विमानात बसवतील, आठ घरांच्या चुली तू विझवणार काय.

आणि मी, हे एवढं तोंड असलेली बाई, गप्प बसले. काय सांगू तुमाला, गप्प बसले आणि काय केलं तर गावाला करतात तेच केलं, त्याचं ताट वेगळं केलं. ताट, वाटी, पेला, चमचा, सगळं वेगळं, उकळत्या पाण्याने धुवायचं आणि वेगळ्या फळीवर ठेवायचं. खोलीतल्या माणसांनी पण तेच केलं आणि सगळ्यांना वाटलं झालं, काळजी घेतली. आणि तो झोपायचा कुठे? त्याच सात जणांच्या मध्ये, गादीला गादी लावून, उन्हामुळे खिडकी बंद, एसी चालू, खोकला खोलीतल्या खोलीत फिरतोय. शुक्रवारी सगळ्यांसमोर वेगळं ताट बघून त्याला वाईट वाटायला नको म्हणून मी त्याला आत स्वयंपाकघरात घेऊन बसायची, दार लावून, समोरासमोर, आणि जबरदस्तीने भरवायची. हवा पण असते मध्ये, हे एकाच्याही डोक्यात आलं नाय. माज्याही नाय.

मग तो कामावर रक्त ओकला. कंपनीने टेस्टबिस्ट न करता तिकीट काढून घरी धाडला आणि रत्नागिरीच्या दवाखान्यात विसाव्या दिवशी संपला. तिथल्या डॉक्टरने माज्या बहिणीला सांगितलं की दोन महिने आधी आणला असता तर गोळ्यांनी बरा झाला असता. साध्या गोळ्यांनी. तो शब्द मला झोपू देत नाय, साध्या. मी कासमचाचाच्या दारात जाऊन उभी राहिले आणि तोंडावर बोलले, तर तो म्हणाला अल्लाची मर्जी. मी म्हटलं अल्लाच्या नावावर खपवू नका, टेस्ट करू नका असं अल्लाने तुमच्या कानात येऊन सांगितलं होतं काय. त्या दिवसापास्नं आमचा सलाम बंद.

आता तुमच्या मंडळाकडे येते, लिवता ना, का हात थांबला? तुमी सलवात आरोग्य शिबिर घेतलंत, हॉल घेतलात, इंग्रजी बॅनर लावलात. इथनं सलवाला यायला बस बदलावी लागते, ते कोणाला माहीत होतं? मी डोकं खाऊन सहा जणांना धाडलं, तर दारातच टेबल आणि टेबलावर फॉर्म, सिविल आयडीची कॉपी द्या, कंपनीचं नाव लिवा. कंपनीचं नाव! समोसे खाल्ले आणि सहाही जण परत आले. तपासणी कोणाची झाली तर गाडीतनं आलेल्यांची, आणि फोटो निघाले. दुपारी मी स्वतः आले आणि हॉलात उभी राहून ओरडले, तुमी होतात की नाय तिथे माहीत नाय, असाल तर आठवत असेल. सगळे माज्याकडे वेडी बाई म्हणून बघत होते. एक डॉक्टर मॅडम होती, नाशिकची, नवरा तेलाच्या कंपनीत इंजिनीअर. ती उठली आणि म्हणाली, ताई, मग कसं करू, तुम्ही सांगा. मला तिचा आणखीनच राग आला, भांडायला आलेल्या माणसाला असं विचारतात काय.

पण ती दुसऱ्या दिवशी खरंच इथे आली, जिना चढून. मी पहिलं विचारलं, ज्याच्यात दुखणं निघेल त्याला घरी पाठवतील काय. ती म्हणाली, ते माझ्या हातात नाही, मी वचन देणार नाही, औषध सुरू करीन आणि कंपनीला माझ्याकडून नाव जाणार नाही, एवढंच. खोटं बोलली नाय, म्हणून मी तिला बसायला सांगितलं. मग आमी दोघींनी ठरवलं की नावाच्या जागी डब्याचा नंबर. डब्याबरोबर वेगळ्या पिशवीत झाकणाची डबी जाणार, सकाळी उठल्यावर आतला बेडका काढून त्यात थुंकायचं आणि रिकाम्या डब्याबरोबर ती परत धाडायची, कोणाचा नंबर कुठला ते फक्त मला ठाऊक.

माणसं म्हणाली छी, जेवणाबरोबर थुंकी पाठवतात काय. मी म्हटलं डबी नाय तर डबा नाय. कासमचाचाने फतवा काढला की हमीदाच्या घरचं कोणी खायचं नाय. दोन दिवस सगळ्यांनी दुकानातली खुबूसची रोटी आणि दही खाल्लं, तिसऱ्या दिवशी आले दारात माना घालून. पण त्यातला एक इब्राहिम मोठा शहाणा, म्हणतो भाभी, आधी तुमी करा. मला राग आला. मी म्हटलं बघ, आणि डबी घेतली, चाळीस नंबर वाटलेले होते म्हणून तिच्यावर एक्केचाळीस लिवला आणि सकाळी सगळ्यांच्या आधी माजी डबी तयार.

आठवड्याने मॅडम आली. म्हणाली, दोन निघालेत, नऊ आणि एक्केचाळीस. नऊ कोण ते मी तुमाला सांगणार नाय, मेले तरी नाय. मग ती म्हणाली, एक्केचाळीसवाल्याला जरा समजावून आणा ताई, त्याच्यावर ओरडू नका. मी म्हटलं मॅडम, तुमी बसा, तुमच्यासमोरच उभा हाय तो. मला ठसका लागायचा, पण मी फोडणीचा समजायची, इतकी वर्षं मिरच्या भाजतेय.

शुक्रवारी मीच सगळ्यांना जिन्यात उभं करून सांगितलं की मला निघालाय. काही थुंकून गेले, ज्यांना मी ताप आल्यावर पेज करून दिली ते. कासमचाचा म्हणाला, बघितलंत, अल्ला दाखवतो. डबे बंद झाले, आता चाळीस माणसं कुठे जेवतात मला माहीत नाय. चार महिने झाले गोळ्यांना. पुढच्या महिन्यात माजा इकामा, इथे राहायचा परवाना, सरतो, नवीन करताना छातीचा फोटो मागितला तर काय होईल ते कोणाला ठाऊक. मला भीती वाटते, हो, खोटं कशाला बोलू, सव्वीस वर्षांचं घर हाय. धाडतील तर जाईन, गोळ्या पिशवीत घालून जाईन. पण डब्या चालू हायत. माणसं जिन्यात येतात, नंबर सांगतात, डबी उचलतात. मागच्या आठवड्यात कासमचाचाने दुसऱ्याला धाडला होता, एकासाठी डबी पायजे म्हणून. मी म्हटलं ज्याला पायजे त्याला येऊ दे. दुसऱ्या दिवशी चाचा स्वतः आला, दम लागला होता त्याला जिना चढून. मी डबी दिली. सलाम नाय केला.

झालं, एवढंच. आता मला सांगा, तुमी खुर्ची मागे का सरकवलीत? मघाशी चार महिने म्हटलं तेव्हाच सरकवलीत, मी बघितलं. माज्याकडून आता कोणाला धोका नाय, मॅडमने तपासून सांगितलंय. पण तुमच्या घरी स्वयंपाकाला येते ती बाई कुठल्या खोलीत झोपते, किती जणींच्यात, कधी विचारलंत? तुमच्या पोराला शाळेत सोडणारा ड्रायव्हर खोकतो काय, ऐकलंत? अल्ला तुमच्या पोराबाळांना सुखी ठेवो, मनापास्नं सांगते. ही घ्या डबी. सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरायच्या आधी. नाव लिवायचं नाय, तुमचा नंबर बेचाळीस.