हळदीकडे झुकणारा पिवळा

नाही हो काका, हा लिंबाकडे जातोय — मला हळदीकडे झुकणारा हवाय, चांगला भडक. हा पोपडा बघा ना, फडताळामागे तेवढाच राहून गेला होता. स्वयंपाकघराचा. न्हाणीघर निळं होतं, आईची खोली हिरवीगार, बाहेरच्या दाराभोवती तांबडा पट्टा — मी म्हणायचो, घर आहे की सर्कशीचा तंबू? हो, राखाडी तुमच्याकडूनच नेला होता. फिकट राखाडी, सगळ्या खोल्यांना, दारांनासुद्धा. तुम्ही विचारलंत, ‘सगळीकडे एकच?’ — आणि मी इथेच उभा राहून तुम्हाला भाषण दिलं. भिंतींनी ओरडू नये, घरात उजेडाला बोलू द्यावं — काय काय! पाच वर्षं लांब राहून घरं सजवायचं तेच तर शिकलो. लोकांची घरं बदलायला परत आलो, मग सुरुवात कुठून? आपल्याच घरापासून. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘रंगवलंयस की नुसतं अस्तर मारून सोडलंयस रे?’ हसलो मी. म्हटलं, यांना काय कळतंय.

आई? आई म्हणाली, छान झालंय. आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्चीतून उठेना. मला वाटलं, निवांत बसलीय, घर आवडलंय तिला — माणूस काय वाट्टेल ते वाटून घेतो. ‘जरा पाणी देतोस?’, ‘न्हाणीघरापर्यंत सोडतोस का रे, गुडघा धरलाय’ — गुडघ्याला काही झालं नव्हतं हो! तिला वर्षभर धड दिसतच नव्हतं. कडा गेल्या होत्या, माणसांची तोंडं गेली होती, उरले होते नुसते रंगांचे ढग. निळ्याकडे गेलं की न्हाणीघर, पिवळ्याकडे गेलं की ओटा. तेवढ्यावर एकटीने घर चालवत होती बाई — आणि फोनवर मला काय सांगायची? ठणठणीत आहे. मग मी आलो, आणि एका आठवड्यात तिच्या सगळ्या वाटा पुसून टाकल्या. स्वतःच्या हाताने, दोन-दोन हात मारून.

बोलली का नाही? विचारलं ना मी, परवा, दवाखान्यातून येताना. म्हणाली, ‘तू इतक्या हौसेने समजावत होतास, मध्येच कुठे तोडायचं तुला?’ डॉक्टर म्हणाले, नजर जाणारच होती, कुणाचाच इलाज चालला नसता. म्हणजे बघा, मी घर रंगवलं तेव्हा तिच्याकडे रंगांचे जेमतेम सहा महिने उरले होते — ते सहाच्या सहा मी राखाडीत घालवले.

मग आता पिवळा कशाला म्हणता? अहो, नजर अशी एका झटक्यात सगळी थोडीच जाते! थोडं काहीतरी कळत असेलच की — काल तुमच्याकडून नमुन्यांचं कार्ड नेलं होतं ना, त्यातला सगळ्यात भडक पिवळा तिच्या डोळ्यांसमोर धरला मी. खिडकीत, भर दुपारी. ती बघत राहिली — कार्डाकडे नाही, कार्डाच्या जरा बाजूला. माझा जीव टांगणीला. मग हसली, म्हणाली, ‘हाच ना रे आपला राखाडी? सुरेख आहे हो.’

...थांबा. मशीन बंद करा, काका. मिसळू नका. काही नको. माझ्या मागे ते गृहस्थ कधीचे उभे आहेत — त्यांना काय हवंय ते बघा.