गुबगुबीत तोंडाचं दुखनं

…आन् लोकं म्हनत, "तब्येत झकास झाली बरं, जगदेवभाऊ!" आता तुमीच सांगा, ज्या मानसाले बंडीची गुंडी लावाले बायको लागते, त्याची तब्येत झकास? पन आमच्या धनज गावच्या लोकायले तोंड दिसे ना बाप्पा! गोल, लाल, पिकल्या भेदऱ्यावानी, टमाट्यावानी!

तुमाले सांगतो, जगदेवले दमा होता. थंडी पडली का छाती लोहाराच्या भात्यावानी वाजे. शेवटी मोठा भाऊ बबनराव त्याले धरून अकोल्याले घेऊन गेला, मोठ्या डाक्टरापाशी. डाक्टर म्हने, "नवीन औषध आलंय विलायतेहून, स्टेरॉइड." गोळी कायची, जादू! दम मोकळा, भूक अशी का रंगूबाई, म्हंजे त्याची बायको, भाकरी थापता थापता थके. तोंड भरलं, गाल वर आले, आन् बबनराव साऱ्या गावाले सांगत सुटला, "पाहा, माहा भाऊ पहिलवान झाला!"

मंग डाक्टरनं गोळ्या कमी करत करत बंद केल्या, तोंड तसंच गोल राह्यलं, आन्… झालं ना सुरू! गुडघे दुखते, खांदे दुखते, मनगट दुखते, भाकर चावली तं जबडा दुखते! पुन्हा अकोला. डाक्टरनं दाबून पाह्यलं, वाकवून पाह्यलं.

"सूज नाही, ताप नाही. दम लागतो?"

"नाई जी."

"मग काय होतंय?"

"दुखते जी."

"कुठे?"

"कुठी नाई दुखत, ते इचारा!"

डाक्टर बिचारा खरं बोलला, "का दुखतं ते मलाही कळत नाही. थोडे दिवस जाऊ द्या."

दिवस काय, जातेच! निरगुडीचा पाला झाला, वाळूचा शेक झाला. कोनी म्हने मंगरूळपीरले दर्ग्यावर जा, तं गेला. मोटारीत बसाले जागा भेटली होती, पन कंडक्टर म्हने, "उठा ना पहिलवान, म्हाताऱ्याले बसू द्या!" उठला बिचारा, दांडीले लोंबकळत गेला. दर्ग्याच्या पायरीवर जरा टेकला, तं बाजूचा लंगडा फकीर म्हने, "सेठ, ये बीमारों की जगा है, जरा हटो!" आता कोनाले सांगावं? काय दाखवावं? दुखन्याले काय रंग असते?

घरी आला तं ओट्यावरूनच हाक, "तब्येत झकास झाली बरं!"

आन् तशातच बबनराव गेला. साध्या तापाचं निमित्त, आन् गेला.

तिरडी बांधली. जगदेव पुढं झाला तशी रंगूबाईनं हात धरला, "नका वो, हात वर होत नाई तुमचा."

"सोड वं. त्यानं मले अकोल्याले नेलं, मी त्याले नदीवरच्या मसनात नेऊ नये?"

दात खाऊन त्यानं खांदा देला. चार घरं गेली नाईत तं खांद्यात सुरी फिरल्यावानी झालं, गुडघा वाकला, तिरडी कलली… शेजारचा गुलाबसिंग धावला, त्यानं सावरली. आन् मांगून आवाज, हळू, पन आयकू येईल असा, "एवढा दांडगा गडी, आन् सख्ख्या भावाले खांदा देत नाई!"

जगदेव साऱ्यायच्या मांगं चालला. एकटा.

घरी आल्यावर आंघोळीचं पानी रंगूबाईनंच डोक्यावर ओतलं. पान्याखाली तो रडला, म्हनजे पानी कोनतं न् आसू कोनते ते कळलं नाई. म्हने, "पाय मोडला अस्ता तं बरं झालं अस्तं वं. लोकायले दिसलं अस्तं."

ती म्हने, "मले दिसते ना," आन् दुसरा तांब्या ओतला.

दिवस गेले. डाक्टर म्हने तसंच झालं, दुखनं हळूहळू उतरलं… पन संगं तोंडही उतरलं ना! गाल बसले, डोळे खोल गेले. आन् तुमाले सांगतो, मानूस भाकर सोताच्या हातानं मोडाले लागला, तवा गाव इचाराले आलं! कोनी दूध आनते, कोनी अंगारा. तिरडीमांगं बोलनारा, तोही ओट्यावर येऊन बसला, "जगदेवभाऊ, काहून खंगले एवढे? काही दुखते काय?"

जगदेवनं त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. डाक्टर, गोळी, गुडघे… सारं कुठून सांगत बसावं? म्हने, "भाऊ गेला ना बाप्पा."

ते मात्र साऱ्या गावाले पटलं.